दोन मिनिटं, बहात्तर तास

माझ्याकडे तीन कार्डं: हिरवं, पिवळं, लाल.
व्हरमाँटमधलं बॅरी गाव, शाळेचं जिम,
बास्केटबॉलच्या रेघांवर घडीच्या खुर्च्या,
बाहेर मार्चचा चिखल, आत ओल्या बुटांचा वास.
माणशी दोन मिनिटं.
मी नगरपालिकेची नोकर,
मत द्यायला नाही, वेळ मोजायला बसवलेली.

विधेयक चार ओळींचं:
बंदुकीचे पैसे भरल्यावर ती हातात पडायच्या आधी
बहात्तर तास.

वेंडेल टटल पहिला उठला.
खाणीतली भुकटी अजून भुवयांत असावी असा राखाडी.
म्हणाला, माझ्या कपाटात सतरा आहेत.
अठरावी घ्यायला मला तीन दिवस थांबवून
तुम्ही नक्की कोणाला वाचवताय?
मागे कोणी हसलं.
प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.
त्याचं हिरव्यातच आटपलं.

मग दुकानदार, लायल ग्रीनो:
"एकदा एक पोरगा आला. नजर वर उचलेना.
मी म्हटलं, मशीन बंद आहे, उद्या ये.
आला नाही. पुढच्या महिन्यात दिसला, दूध घेताना.
तो कायदा माझा मीच केला होता, एका रात्रीपुरता.
तुमच्या कायद्याला डोळे असतात का?"
विरोध करायला आला होता.
खाली बसताना त्यालाही कळलं नसावं
आपण कोणाच्या बाजूने बोललो ते.

रोवेना पाइक. हातमोजे काढले नाहीत.
कोर्टाचा मनाईहुकूम प्लास्टिकच्या पिशवीत,
आणि शेरीफ चाळीस मिनिटांवर,
रस्ता सुका असेल तर.
"तो शुक्रवारी सुटतो. मी गुरुवारी दुकानात गेले,
तर तुमचे तीन दिवस रविवारी भरतात.
शुक्रवारी, शनिवारी मी हातात काय धरू?
आणि समजा, शनिवारी रात्री..."
मी लाल दाखवलं.
वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.
नियम म्हणजे नियम.

शेवटी कोरीन लाबाउंटी.
भाषण नव्हतं. पावती होती.
"दुपारी बारा चाळीस. वेळ छापलीय, बघा.
सकाळी त्याला कामावरून काढलं होतं.
संध्याकाळी मी मटारचं सूप केलं, त्याला आवडतं म्हणून.
रुसवा टिकायचा नाही हो त्याचा.
लहानपणीसुद्धा दुसऱ्या दिवशी विसरून जायचा.
दुसऱ्या दिवशी..."

आमच्यात म्हणतात,
काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.
अपघातातून उठलेल्याची पाठ थोपटत म्हणतात.
इथे हे कोणाला सांगू,
की चार ओळींत एवढंच मागितलंय:
काळ आणि वेळ यांच्यामध्ये
एक बाक टाका.
त्याने थोडं बसावं. पाणी प्यावं.

पण रोवेनाच्या दारात येणारा
बाकावर बसणारा नाही.

लाल कार्ड माझ्या मांडीवर पालथं पडून होतं.
पन्नास सेकंद. घड्याळ दिसत होतं मला.
वहीत दोघींच्याही नावापुढे मी लिहिलं: २:००.
मापात पाप, तेही सरकारी शाईने.

विचारलंच कोणी, तर म्हणाले असते:
थांबवा. पण कोर्टाचा कागद घेऊन येईल
तिच्यासाठी एक बाजूचं दार ठेवा.
आणि ते दार उद्या कोण कसं ढकलेल,
ते मला माहीत नाही, हेही म्हणाले असते.
कोणी विचारलं नाही.
मी खुर्च्या मिटल्या.

परतताना पुढे एक गाडी, मागचा एकच दिवा चालू.
पिशवीवरून ओळखलं, काचेपाशी ठेवलेल्या.
ती मातीच्या रस्त्याला लागली. मीही वळले.
रात्री मागून कोणाचे तरी दिवे येताना
तिला काय वाटत असेल,
हे जरा उशिराच सुचलं.
गाडी तिथेच थांबवली, दिवे मालवले.

टेकडीवरची खिडकी उजळायला
वेळ लागला.